जुन्या घरात कूलर लावला की एमसीबी, ईएलसीबी वारंवार पडते : फॉल्ट शोधायचा कसा

एप्रिल लागला की नागपुरात माळ्यावरचे कूलर खाली येतात, ताट्या बदलल्या जातात, आणि महाल, इतवारी, धंतोली, धरमपेठेतल्या जुन्या घरांमधून एकच तक्रार सुरू होते : बटण वर केलं की पडतं. कधी कूलर सुरू करताक्षणी, कधी तासाभरानं, कधी रात्री दोन वाजता कुणीही काही न लावता. मग कुणी तरी सोळा अँपिअरची एमसीबी (करंट जास्त झाला की लाइन तोडणारं बटण) काढून तिथं बत्तीसची टाकतं, किंवा ईएलसीबीच्या (करंट बाहेर गळला की लाइन तोडणारं बटण) वरच्या-खालच्या वायरी थेट जोडून देतं. बटण पडायचं थांबतं, फॉल्ट तिथंच राहतो. पहिल्या उपायानं भिंतीतली वायर तापून वितळेपर्यंत कुणाला पत्ता लागत नाही. दुसऱ्यानं कूलरच्या पत्र्यात करंट उतरला तरी तो तोडणारं काही उरत नाही. विदर्भात दर उन्हाळ्यात कूलरचा शॉक लागून माणसं दगावल्याच्या बातम्या येतात, त्यामुळे या दोन उपायांना आमचा ठाम विरोध आहे.

फॉल्ट शोधायला फार साधनं लागत नाहीत. एक बरा मल्टिमीटर, इन्सुलेटेड स्क्रू ड्रायव्हर, टॉर्च आणि कागद-पेन्सिल एवढ्यात बहुतेक फॉल्ट सापडतात. त्यापुढच्या फॉल्टला मेगर (वायरीचं इन्सुलेशन मोजणारं यंत्र) आणि लीकेज म्हणजे गळणारा करंट मोजणारा क्लॅम्प मीटर लागतो, ती साधनं चांगल्या वायरमनकडे असतात. बोर्डाचं झाकण उघडून करायची कामं परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्या. प्लग काढणं, बटणं वर-खाली करणं आणि काय कधी घडतं ते लिहून ठेवणं हे घरातल्या कुणालाही जमतं, आणि निम्मं निदान त्यातच होतं.

आधी पडलं काय ते बघा

जुन्या घरांत बोर्डाची बरीच सरमिसळ असते. एका कोपऱ्यात चिनी मातीचे किटकॅट फ्यूज, शेजारी नंतर बसवलेल्या एमसीबी आणि मेनजवळ ईएलसीबी. बारीक, एका बटणाची ती एमसीबी. तिच्यावर सी १६, बी ६ असं काही छापलेलं असतं. दोन एमसीबींएवढी रुंद आणि ‘टी’ लिहिलेलं छोटं टेस्ट बटण असलेली ती आरसीसीबी. बाजारात आणि घराघरांत तिला ईएलसीबीच म्हणतात, आपणही तेच म्हणू. तिच्यावर ३० मिलीअँपिअर किंवा ०.०३ ए असं लिहिलेलं असतं. काही बोर्डांत दोन्ही कामं करणारी आरसीबीओ असते. तिच्यावर सी १६ सारखा आकडाही असतो आणि टेस्ट बटणही. ती पडली तर ओव्हरलोड की लीकेज हे बाहेरून कळत नाही, दोन्ही वाटांनी तपासावं लागतं.

हा फरक कळीचा आहे. एमसीबीला फक्त किती करंट जातो ते कळतं, तो कुठून परत येतो याच्याशी तिला देणंघेणं नाही. ईएलसीबी फेजमधून गेलेला आणि न्यूट्रलमधून परत आलेला करंट यांतली तफावत बघते. ओव्हरलोडशी तिचा काही संबंध नाही, ४० अँपिअरच्या ईएलसीबीतून ६० अँपिअर गेले तरी ती आपणहून पडणार नाही. म्हणून ‘लाइन पडली’ एवढं सांगून वायरमन बोलावला की तो अंदाजानं काहीतरी बदलून जातो. कोणतं बटण पडलं, त्या वेळी काय काय चालू होतं, सुरू केल्यापासून किती वेळानं पडलं आणि हवा कोरडी होती की पाऊस होता, एवढं चार-पाच वेळा लिहून ठेवा.

एक बारीक गोष्ट. काही एमसीबी पडल्यावर बटण अर्ध्यावर राहतं आणि ते तसंच वर ढकललं तर अडकत नाही. पूर्ण खाली दाबा, मग वर करा. अगदीच जुन्या घरांत ई आणि एफ अशी अर्थिंगची दोन टर्मिनलं असलेली ईएलसीबी सापडली, तर ती व्होल्टेजवर चालणारी जुनी जात आहे. अर्थिंगची वायर तिच्यातून गेलेली असते. तिचा फॉल्ट शोधत बसू नका, ती काढून ३० मिलीअँपिअरची नवी लावा.

एमसीबी वर करताच पडते

खाडकन पडली आणि परत वर केल्यावर तितक्याच जोरात पडली, तर शॉर्ट आहे. पुन्हा पुन्हा वर करून बघू नका. दर वेळी आतल्या संपर्कबिंदूंवर ठिणगी पडते आणि ते जळत जातात.

त्या लाइनवरचे सगळे प्लग काढा आणि सगळी बटणं बंद करा. आता एमसीबी टिकली तर एकेक बटण सुरू करत जा, ज्या बटणाला पडेल तिथं फॉल्ट. सगळं बंद असतानाही पडत असेल तर शॉर्ट वायरिंगमध्ये आहे किंवा एमसीबीच गेली आहे. खात्री करायला मेन बंद करून त्या एमसीबीची खालची वायर काढून घ्यावी आणि रिकामी एमसीबी वर करून बघावी. रिकामीही टिकत नसेल तर बदलायची.

शॉर्टच्या ठरलेल्या जागा आहेत. सगळ्यात जास्त वेळा सापडते ती खिडकीच्या चौकटीतून कूलरकडे गेलेली वायर. कूलरचा पत्रा पंख्याबरोबर थरथरतो, त्याची कड वायरवर घासते आणि दोन-तीन उन्हाळ्यांत आवरण फाटतं. दुसरी जागा प्लगच्या आत. स्क्रूखालून निसटलेली एखादी तांब्याची काडी शेजारच्या पिनेला टेकते. त्यानंतर जुने पितळी बल्बहोल्डर, जळका रेग्युलेटर, आणि छताच्या पंख्यावर कपमध्ये दाबून बसवलेले सांधे.

सुरू होताना क्षणात पडते पण एरवी टिकते, असं पाण्याच्या मोटारीच्या किंवा एसीच्या लाइनवर होत असेल तर तो शॉर्ट नसून सुरुवातीचा झटका असतो. एक अश्वशक्तीची मोटार चालताना साधारण ५ ते ६ अँपिअर घेते, सुरू होताना त्याच्या पाच-सहापट. ‘बी’ जातीची एमसीबी तिच्या आकड्याच्या ३ ते ५ पट करंटला तत्काळ पडते, ‘सी’ जातीची ५ ते १० पटीला. म्हणजे बी ६ वर मोटार टाकली तर १८ ते ३० अँपिअरच्या दरम्यान कुठंही ती पडू शकते, आणि मोटारीचा झटका नेमका तेवढाच आहे. तिथं सी १० लावली की तक्रार संपते, पण वायर किमान दीड चौरस मिमीची आणि अर्थिंग नीट असेल तरच. मोटार जाम असेल किंवा कपॅसिटर उतरला असेल तर झटका लांबतो आणि सी सुद्धा पडते. हात लावून पंप फिरतो का आणि कपॅसिटर फुगलाय का, हे एमसीबी बदलण्याआधी बघावं.

वीस मिनिटांनी, तासाभरानं पडते

नवतपातल्या, म्हणजे मेअखेरच्या सगळ्यात तापत्या नऊ दिवसांतल्या, तक्रारी बहुतेक याच. ‘एप्रिलच्या सुरुवातीला सगळं हेच चालायचं, आता का पडतं?’ हा प्रश्न रास्त आहे आणि त्याचं उत्तर हिशेबात आहे.

एमसीबीच्या आत द्विधातूची पट्टी असते. करंटनं ती तापते, वाकते आणि बटण सोडते. मानकानुसार आकड्याच्या १.१३ पट करंट असेल तर तासभर पडायचं नाही आणि १.४५ पट असेल तर तासाच्या आत पडलंच पाहिजे. हे आकडे ३० अंश तापमानाला बांधलेले असतात. मे महिन्यात बाहेर ४५ अंश असताना पश्चिमेच्या भिंतीवरच्या बंद पेटीत ५० अंश सहज होतात. तेवढ्या उष्णतेला सोळाची एमसीबी ढोबळमानानं साडेचौदाची उरते. नेमका आकडा कंपनीच्या तक्त्यात मिळतो.

आता भार मोजा. एका लाइनवर दीड टनाचा एसी ७.५ अँपिअर, १८०० वॅटचा इंडक्शन ७.८, इस्त्री ४.३, फ्रिज आणि कूलर प्रत्येकी सुमारे १. बेरीज २१.६. ३० अंशांच्या हिशेबात हे सोळाच्या १.३५ पट होतं, म्हणजे १.१३ आणि १.४५ यांच्या मधे. पडेल किंवा टिकेल, आणि इस्त्री दहा मिनिटांत बंद होते म्हणून बहुधा टिकतं. ऐन मे महिन्यात तेच साडेचौदाच्या जवळजवळ दीडपट होतं आणि तासाच्या आत पडणं भागच आहे. एमसीबी बिघडलेली नाही. ती नेमकं करायचं ते करते आहे, आणि आधीही वायर तापतच होती.

यावर उपाय भार विभागण्याचा. एसीला मेनबोर्डापासून स्वतंत्र लाइन, ४ चौरस मिमी तांब्याची वायर, सी २०. इंडक्शनला वेगळा १६ अँपिअरचा पॉइंट, अडीच चौरस मिमी, सी १६. नागपूरच्या उन्हाळ्यात पाइपातून जाणाऱ्या वायरीसाठी आम्ही जपूनच धरतो : १ चौरस मिमीला ६ अँपिअर, दीडला १०, अडीचला १६, चारला २० च्या वर एमसीबी नको. यापेक्षा मोठी एमसीबी दिसली की आधी कुणी तरी जुगाड केलेला आहे असं समजा आणि वायर कुठवर भाजली आहे ते बघा. जुन्या पट्टी वायरिंगमधल्या रबरी वायरी बोटानं वाकवल्यावर आवरणाचा चुरा होत असेल तर तिथं एमसीबीच्या आकड्याची चर्चाच करू नये. ती लाइन नवी ओढायची.

भार कमी असूनही तासाभरानं पडत असेल तर सैल स्क्रू शोधा. मेन बंद करून, टेस्टरनं आणि मल्टिमीटरनं दोन्ही प्रकारे खात्री करून झाकण उघडलं की खुणा दिसतात. एमसीबीच्या टर्मिनलभोवतीचं प्लास्टिक पिवळट-तपकिरी झालेलं, वायरचं आवरण टोकापासून मागं सरकून कडक झालेलं, आतलं तांबं काळपट-जांभळं. झाकण काढताच मासळीसारखा वास येत असेल तर प्लास्टिक भाजलं आहे. करंट मर्यादेतच असतो, पण सैल सांध्याची उष्णता एमसीबीच्या पट्टीपर्यंत पोचते आणि ती पडते. नुसता स्क्रू आवळून भागत नाही. काळं पडलेलं टोक चमकदार तांबं दिसेपर्यंत कापा, बारा मिमी आवरण सोला, सगळ्या काड्या पिळून त्यावर योग्य मापाचं फेरूल (धातूची बारीक टोपी) दाबा आणि मग आवळा. आवळल्यावर वायर ओढून बघा. टर्मिनल वितळलेली एमसीबी पुन्हा वापरायची नाही.

अॅल्युमिनियमच्या वायरी हे जुन्या घरांतलं वेगळं दुखणं आहे. अॅल्युमिनियम स्क्रूखाली दबून हळूहळू सरकतं, त्यावर ऑक्साइडचा थर येतो आणि सांधा दर वर्षी सैल होतो. त्याला तांब्याची वायर नुसती पिळून टेप मारलेली असेल तर तो सांधा तापणारच. बदलणं शक्य नसेल तोवर अशा जागी द्विधातूचा कनेक्टर वापरा आणि दर मार्चमध्ये सगळे स्क्रू तपासा. न्यूट्रल लिंकचे, म्हणजे सगळे न्यूट्रल जिथं एकत्र जोडतात त्या पट्टीचे स्क्रूसुद्धा. फेजकडे सगळे बघतात, न्यूट्रल लिंक वर्षानुवर्षं कुणी उघडत नाही.

व्होल्टेजही बघा. संध्याकाळी सगळ्या वस्तीचे कूलर-एसी सुरू झाले की ते खाली येतं. इस्त्रीसारखी तापवणारी उपकरणं कमी व्होल्टेजला करंटही कमी घेतात, मोटारी आणि कॉम्प्रेसर जास्त घेतात. मीटरजवळ सतत २०० च्या खाली दिसत असेल तर महावितरणकडे लेखी तक्रार करा, घरातली दुरुस्ती करून ते सुटणार नाही. एका खोलीत दिवे मंद आणि दुसऱ्या खोलीत भगभगीत, किंवा व्होल्टेज १८० आणि २७० च्या मधे झुलतंय असं दिसलं तर न्यूट्रल तुटतो आहे. त्याच क्षणी मेन पाडा, टीव्ही-फ्रिज जळायला काही मिनिटं पुरतात.

ईएलसीबी पडते

इथं खरा वेळ जातो, आणि इथंच लोक कंटाळून ती बायपास करतात.

३० मिलीअँपिअरची ईएलसीबी १५ ते ३० मिलीअँपिअरच्या दरम्यान कुठंही पडू शकते. २३० व्होल्टला १५ मिलीअँपिअर म्हणजे सुमारे १५ किलोओहम. फेज आणि अर्थ यांच्यातलं इन्सुलेशन कुठंही इतकं खाली आलं की ती पडायला मोकळी. निरोगी लाइनचं इन्सुलेशन ५०० व्होल्टच्या मेगरवर किमान १ मेगाओहम हवं. यावरून कळेल की पडते तेव्हा इन्सुलेशन जरासं नव्हे, पार गेलेलं असतं. किंवा पाच-सहा ठिकाणची थोडी थोडी गळती एकत्र झालेली असते. संगणक, एलईडी टीव्ही, चार्जर, इन्व्हर्टर एसी यांच्या फिल्टरमधून तब्येत ठीक असतानाही थोडा करंट अर्थमध्ये जातो. सगळं घर एकाच ईएलसीबीवर असेल तर ही बेरीज ८-१० मिलीअँपिअरला पोचते आणि कूलरच्या पंपाच्या ६ मिलीअँपिअरनं घडा भरतो. तेव्हा दोषी कूलर वाटतो, पण दुसऱ्याच्या घरी तोच कूलर बिनतक्रार चालतो.

शोधण्याचा क्रम असा. घरातले सगळे प्लग सॉकेटमधून बाहेर काढा. बटण बंद करणं पुरेसं नाही. जुन्या वायरिंगमध्ये बटण चुकून न्यूट्रलवर बसवलेलं असतं, त्यामुळे उपकरण बंद दिसलं तरी आत फेज पोचलेली असते. मग सगळ्या एमसीबी खाली करा आणि फक्त ईएलसीबी वर करा. टिकली तर एकेक एमसीबी वर करत जा, दोन मिनिटं थांबून पुढची. कोणत्या लाइनला पडली ते लिहा. सगळ्या वर होऊनही टिकली तर वायरिंग तूर्त बरं आहे, आता एकेक उपकरण लावत जा.

सगळ्या एमसीबी खाली असतानाही ईएलसीबी पडत असेल तर लोक तीच बदलून मोकळे होतात. नवीही पडते. कारण घरातल्या एमसीबी एकपोली असतात, त्या फक्त फेज तोडतात, न्यूट्रल तसाच जोडलेला राहतो. कुठं तरी न्यूट्रल अर्थला टेकलेला असेल तर परतीचा काही करंट त्या वाटेनं निघून जातो आणि ईएलसीबीला तफावत दिसते. याची ओळख सोपी : एका लाइनचा फॉल्ट असून दुसऱ्याच लाइनवर मोठा भार टाकला की पडते. इस्त्री लावली की पडते, इस्त्री मात्र ठणठणीत असते. हे सोडवायला मेन बंद करून न्यूट्रल लिंकवरच्या वायरी एकेक सोडवाव्या लागतात. प्रत्येकीला आधी चिठ्ठी लावा, नाही तर परत जोडताना गोंधळ होतो. सुट्या केलेल्या प्रत्येक न्यूट्रलचं अर्थ पट्टीशी इन्सुलेशन मोजा. जिचा आकडा मेगाओहमऐवजी ओहममध्ये येईल ती वायर धरून शेवटापर्यंत जायचं. बहुतेकदा एखाद्या सॉकेटच्या पेटीत न्यूट्रलची काडी अर्थच्या पिनेला चिकटलेली मिळते, किंवा कुणी तरी अर्थिंग नाही म्हणून सॉकेटमध्येच न्यूट्रल आणि अर्थ जोडून ठेवलेले सापडतात. हा दुसरा प्रकार फार घातक आहे. न्यूट्रल तुटला की त्या सॉकेटवरच्या प्रत्येक उपकरणाच्या पत्र्यावर थेट फेज येते.

इन्व्हर्टर बसवल्यानंतर त्रास सुरू झाला असेल तर इन्व्हर्टरच्या लाइनचा न्यूट्रल तपासा. फेज ईएलसीबीच्या खालून घेतली आणि न्यूट्रल वरच्या बाजूचा किंवा दुसऱ्या मजल्याच्या ईएलसीबीचा जोडला, की जाणारा आणि येणारा करंट वेगवेगळ्या वाटांनी जातो. वीस वॅटचा दिवा लावला तरी ८० मिलीअँपिअरहून जास्त तफावत होते आणि बटण पडतं. ज्या ईएलसीबीखालून फेज, तिच्याखालचाच न्यूट्रल. लाइट गेल्यावर कूलर इन्व्हर्टरवर चालत असेल तर मुख्य ईएलसीबी त्या वेळी संरक्षण देईल असं धरून चालू नका.

कूलरचा पंप

उन्हाळ्यातल्या ईएलसीबीच्या तक्रारींत आधी पंपच बघावा. एवढासा १८ ते ४० वॅटचा पंप चोवीस तास पाण्यात बसलेला असतो. बोअरच्या जड पाण्याचे क्षार त्याच्या चाकावर जमतात, चाक जड होतं, वाइंडिंग तापतं, वरचं राळेचं आवरण तडकतं आणि पाणी आत शिरतं. टाकीतलं पाणी संपून पंप कोरडा चालला तरी हेच होतं. गंमत अशी की थंड असताना मल्टिमीटरवर तो पास होतो आणि अर्ध्या तासानं तापल्यावर गळायला लागतो. म्हणून ‘सुरू केल्यावर वीस-तीस मिनिटांनी ईएलसीबी पडते’ अशी नोंद दिसली की पंप समजा.

तपासायची रीत : कूलरचा प्लग भिंतीतून काढा. पंपाच्या दोन्ही वायरी कूलरच्या वायरिंगपासून सोडवा. प्लास्टिकच्या बादलीत पाणी घेऊन पंप त्यात पूर्ण बुडवा, वायरीची टोकं बाहेर कोरडी ठेवा. दोन्ही टोकं एकत्र पिळा. मल्टिमीटर २० मेगाओहमवर ठेवून एक काडी त्या पिळलेल्या टोकाला, दुसरी पाण्यात. पंप वीजपुरवठ्यापासून पूर्ण सुटा असतानाच हे करायचं. चांगला पंप काहीच दाखवत नाही, मीटर अमर्यादच राहतो. एक-दोन मेगाओहमच्या खाली आला तर पंप उतरणीला लागला. किलोओहममध्ये आला तर फेकून द्या. दुरुस्त करून पाण्यात ठेवण्याची ही वस्तू नाही. तासभर चालून गरम झालेल्या पंपावर, प्लग काढून लगेच, हीच तपासणी पुन्हा करा. मेगर असेल तर त्याचाच आकडा प्रमाण माना, मल्टिमीटरचं व्होल्टेज फार कमी असतं.

पंप निर्दोष निघाला तर त्याचा सांधा बघा. पंपाची वायर आखूड असते म्हणून टाकीच्या आत, पाण्याच्या तुषारांत, टेप गुंडाळून सांधा मारलेला असतो. टेपचा चिकटा पंधरा दिवसांत सुटतो. सांधा टाकीच्या पातळीच्या वर आणि शक्यतो कूलरच्या बाहेर आणा, सोल्डर करून त्यावर आतून गोंद असलेली हीट श्रिंक नळी चढवा. वायर सॉकेटकडे नेताना आधी खाली झोळ देऊन मग वर न्या, म्हणजे वायरीवरून ओघळणारं पाणी झोळाच्या तळाशी गळून पडतं, प्लगमध्ये शिरत नाही. त्यानंतर पंख्याची मोटार : वाळ्याच्या किंवा वुडवूलच्या ताटीतून तुषार थेट मोटारीवर येत असतील तर तिचंही इन्सुलेशन उतरतं. मोटारीच्या वायरी सोडून पत्र्याशी तसंच मोजा.

आणि कूलर दोन पिनेच्या प्लगवर असेल तर बाकी सगळं बाजूला ठेवून आधी ते बदला. पत्रा अर्थ नसेल तेव्हा गळालेला करंट पत्र्यात अडकून राहतो, ईएलसीबीला तफावत दिसतच नाही, ती शांत राहते. ओल्या फरशीवर उभ्या माणसाचा हात लागतो तेव्हाच वाट मिळते. त्या क्षणी ईएलसीबी तोडते, पण झटका बसतोच, आणि ईएलसीबी बायपास असेल तर तोडणारं कुणीच नसतं. तीन तारांची दीड चौरस मिमीची गोल केबल, तीन पिनेचा प्लग, आणि अर्थची वायर पत्र्याला : रंग-गंज खरवडून चकाकता पत्रा काढा, वायरीला रिंग लग (भोक असलेलं धातूचं टोक) दाबा, दातेरी वॉशर घालून नट-बोल्टनं आवळा. नंतर प्लगच्या जाड पिनेपासून कूलरच्या पत्र्यापर्यंत मल्टिमीटरनं मोजा, एक ओहमच्या आत यायला हवं.

कूलरच्या सॉकेटला स्वतंत्र दोनपोली आरसीबीओ लावणं हा आमच्या मते जुन्या घरातला सगळ्यात उपयोगी खर्च. सी १०, ३० मिलीअँपिअर. मात्र ती मुख्य ईएलसीबीच्या खाली बसवली तर दोन्ही एकदम पडू शकतात. मेन एमसीबीनंतर, मुख्य ईएलसीबीला समांतर जोडून घ्या आणि तिचा न्यूट्रल बाकीच्या न्यूट्रल लिंकमध्ये मिसळू देऊ नका.

पावसाळ्यात पडते, उन्हाळ्यात नाही

गेटवरचा दिवा, बाहेरची बेल, गच्चीवरची मोटार, गॅलरीतला सॉकेट. याच क्रमानं बघा. पाऊस थांबून दोन दिवस ऊन पडल्यावर आपोआप टिकते, तेव्हा पाइपात किंवा पेटीत पाणी उतरतंय. मेगर कोरड्या दिवशी लावला तर सगळं छान दिसेल, ओल असतानाच लावा. गच्चीवरून खाली येणाऱ्या पाइपाचं वरचं तोंड बंद करा आणि बाहेरच्या पेट्या रबरी गॅस्केटच्या घ्या.

अर्थिंग आणि नवे ब्रेकर

नागपूरच्या बऱ्याच भागात काळी माती आहे. ती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. भेगा पडल्या की अर्थिंगचा पाइप आणि माती यांचा संबंध सुटतो आणि जुलैत चांगला निघालेला अर्थ मे महिन्यात, म्हणजे कूलर चालू असताना, निकामी असतो. अर्थ टेस्टरनं मोजायचं ते मे महिन्यात. घरगुती अर्थिंगला ५ ओहमच्या आत आकडा मिळावा असा प्रयत्न करतात. खड्ड्यात मार्चपासून आठवड्यातून दोनदा बादलीभर पाणी टाका, पाइपाच्या टोकावरचा गंजलेला क्लॅम्प आणि नट बदला. बोर्डावर न्यूट्रल आणि अर्थ यांच्यातलं व्होल्टेज भार चालू असताना एक-तीन व्होल्ट असणं नेहमीचं. पाच-दहाच्या पुढं गेलं तर न्यूट्रलचा सांधा किंवा अर्थिंग, दोन्हींपैकी काही तरी सैल आहे.

नवीन घेताना एमसीबीवर आयएस/आयईसी ६०८९८ आणि ईएलसीबीवर आयएस १२६४० हा क्रमांक, आयएसआय चिन्ह आणि त्याखालचा परवाना क्रमांक बघा. तो क्रमांक बीआयएस केअर अॅपवर तपासता येतो. चौकटीत ६००० किंवा १०००० असा आकडा असतो, तो शॉर्टचा किती करंट सुखरूप तोडता येईल त्याचा आहे. डीपी (वस्तीचा ट्रान्सफॉर्मर) घराला लागूनच असेल तर १०००० ची घ्या. इन्व्हर्टर एसी, वॉशिंग मशीन असलेल्या घरात ईएलसीबी ‘ए’ जातीची घ्यावी. ‘एसी’ जात (इथं एसी म्हणजे उलटसुलट करंट) फक्त साध्या उलटसुलट करंटची गळती ओळखते, इलेक्ट्रॉनिक उपकरणांची स्पंदित गळती तिला नीट कळत नाही. ईएलसीबीचा अँपिअरचा आकडा तिच्या वरच्या मेन एमसीबीइतका किंवा जास्त हवा.

काम झाल्यावर सगळा नेहमीचा भार लावून, कूलर पाण्यासह तासभर चालवून, फेज आणि न्यूट्रल दोन्ही वायरी एकत्र धरून लीकेज क्लॅम्प मीटर लावायला सांगा. ९ मिलीअँपिअरच्या आत आकडा असेल तर ईएलसीबी उगाच पडणार नाही. आकडा आणि तारीख बोर्डाच्या झाकणाच्या आत चिकटवून ठेवा, पुढच्या एप्रिलला वायरमनला तिथूनच सुरुवात करता येईल. टेस्ट बटण महिन्यातून एकदा दाबा. दाबूनही पडली नाही तर त्याच दिवशी ईएलसीबी बदला. मात्र टेस्ट बटणानं फक्त आतली यंत्रणा तपासली जाते, अर्थिंगची परीक्षा त्यात होत नाही. कूलरमध्ये पाणी भरताना बटण बंद करून थांबू नका, प्लग बाहेर काढा, मगच पाइप आत सोडा.